जिथं माती नाही त्या देशाची माहिती

सन्माननीय अध्यक्ष, प्राचार्य धनराज निकम साहेब. व्यासपीठावर बसलेल्या शेतकरी महिला गटाच्या शकुबाई गायखे. कृषी विद्यालयातले सर्व शिक्षक आणि कर्मचारी. आणि सायखेड्याहून टेम्पो करून नाशिकपर्यंत आलेले आमचे गावकरी, आयाबहिणींनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मी गोरक्ष कुटे. आज जिला आपण निरोप देतोय, त्या या विद्यालयातल्या शिक्षिका हर्षालीचा सासरा. साहेबांनी मला सुनेबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलंय. मला भाषण येत नाही. ओझरच्या विमान कारखान्यात स्टोअरला एकतीस वर्षं काढली. तिथं एकच सवय लागली, माल ताब्यात घेण्याआधी कागद नीट वाचायचा. म्हणून ती जिथं निघाली आहे त्या देशाची माहिती मी लिहून आणली आहे. ती वाचतो. चालेल ना?

देशाचं नाव तुवालू. प्रशांत महासागरात आहे. नऊ बेटं, सगळी मिळून सव्वीस चौरस किलोमीटर. आपलं आणि शेजारच्या चार गावांचं शिवार एकत्र मोजलं तर बहुधा जास्त भरेल. वस्ती दहा-अकरा हजार. राजधानी फुनाफुती. मुंबईहून सिंगापूर, तिथून फिजी, आणि फिजीतून एक छोटं विमान. ते आठवड्यातून मोजकेच दिवस असतं, चुकलं तर फिजीतच मुक्काम. फिरायला जाणाऱ्याला व्हिसा उतरल्यावर मिळतो, पण परतीचं तिकीट दाखवावं लागतं. पैसा ऑस्ट्रेलियाचा चालतो. एटीएम आत्ता कुठं आलंय, तेव्हा रोख जवळ ठेवावी. घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढं. म्हणजे शकुबाई, तुम्ही सकाळी सहाला धार काढायला बसाल, तेव्हा तिथं दुपारचे साडेबारा झालेले असतील.

विमानाची धावपट्टी गावाच्या मधोमध आहे. विमान नसेल तेव्हा पोरं त्यावर चेंडू खेळतात, म्हातारी माणसं वाऱ्याला बसतात. विमान यायच्या आधी भोंगा वाजतो, तेव्हा सगळे बाजूला होतात. विमानांच्या कारखान्यातल्या माणसाला हे पचायला जड गेलं, म्हणून मी ते तीन ठिकाणी पडताळून पाहिलं. खरं आहे.

नदी नाही. एकही नाही. छपरावर पडलेलं पावसाचं पाणी टाकीत साठवून वर्षभर पुरवतात. जमिनीची सगळ्यात उंच जागा समुद्रापासून पंधरा फूट. आणि माती, म्हणजे आपण जिला माती म्हणतो ती, नाही. पोवळ्यांचा चुरा आहे, पांढरा. आमचे सहादूभाऊ इथं बसलेत, त्यांना मी हे सांगितलं तर ते माझ्यावरच चिडले. म्हणाले, "माती नाय तर त्याला देश कशाला म्हणायचं? गोरक्ष, तू काय बी वाचतो." दुसऱ्या दिवशी घरचं कांद्याचं बी फडक्यात बांधून घेऊन आले. "पोरीला दे. लय जोमाचं हाय, दगडावर बी येईल." बी, रोप, माती यातलं काहीच त्या देशात परस्पर नेऊ देत नाहीत, हे त्यांना समजवायला मला पाऊण तास लागला. ते फडकं अजून आमच्या देवळीत आहे.

मग तिथली माणसं पिकवतात कसं? हे मला हर्षालीनं अंगणात काडीनं रेघा ओढून दाखवलं. पावसाचं जे थोडं गोडं पाणी खाली मुरलेलं असतं, पार तिथपर्यंत खड्डा खणायचा. त्यात पाला टाकत राहायचं, वर्षानुवर्षं. बापानं टाकायचा, मग लेकानं. त्या कुजलेल्या पाल्यात अळूसारखा एक मोठा कंद लावतात. आता त्या खड्ड्यांत खालून समुद्राचं खारं पाणी शिरतंय. तिथली कितीतरी माणसं ऑस्ट्रेलियात जाण्यासाठी नावं नोंदवून बसलीत. जी राहणार आहेत, त्यांना जमिनीपासून उंच वाफे करून भाजीपाला कसा काढायचा, हे हर्षाली शिकवणार आहे. मुदत तीन वर्षं. आमची नात सायली, वय वर्षं सहा, तिच्याबरोबर जाईल. शाळा आहे. दवाखाना एक आहे. मोठं दुखणं आलं तर फिजीला न्यावं लागतं.

इथं माहिती संपली.

मंडळी, आता जे सांगतो ते कागदावर नाही. संतोष, माझा मुलगा, दोन वर्षांपूर्वी चांदोरीच्या फाट्यावर अपघातात गेला, हे बहुतेकांना ठाऊक आहे. तेव्हापासून मला काही वाटत नाही. रडू येत नाही, राग येत नाही. जेवतो, द्राक्षाला पाणी सोडतो, पेपर वाचतो. कुणी विचारलं तर बरं आहे म्हणतो.

दोन महिन्यांपूर्वी हर्षाली पत्र घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. म्हणाली, "नाना, निवड झाली. पण तुम्ही नाही म्हणालात तर मी जाणार नाही. सायलीला तुमच्यापासून तोडून नेणं मला एकटीला ठरवता यायचं नाही." मी म्हणालो, माहिती काढतो. आठ दिवसांनी तिनं विचारलं, मी म्हणालो, माहिती काढतोय. पुढं तिनं विचारणं सोडलं. तिला तिकडं नेमणाऱ्या संस्थेनं तिकीट पाठवलं, साहेबांनी हॉल घेतला, हार आले. तुम्ही सगळे समजून चाललात की घरून होकार आहे. तो मी दिलेला नाही. विमान गुरुवारी आहे आणि तिची बॅग अजून रिकामी आहे.

भाऊबंद म्हणतात, एकटी बाई, पोर लहान, एकदा गेली की परत येणार नाही. नसेलही येणार. ते कुठल्या कागदात सापडत नाही, मी शोधलं.

आज सकाळी मी हीच माहिती पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवत होतो. कुसाबाई, म्हणजे आमची मंडळी, चहा ठेवून समोर बसली. ती दोन महिने या विषयावर एक शब्द बोलली नव्हती. म्हणाली, "त्या देशात काय काय नाय ते तुमचं पाठ झालं. आपल्या घरात तिला काय नाय, ते कधी लिहिलं का? संक्रांतीला आळीतल्या बाया आल्या. साऱ्यांची ओटी मी भरली. ही आत चहा गाळत होती. दोन वर्षं झाली, तिला कुणी कुंकवाला बोलवत नाय. मी बी नाय बोलवलं. मी, सासू."

मी त्या दिवशी ओट्यावरच होतो. पाहिलं होतं सगळं. तेव्हाही मला काही वाटलं नव्हतं.

खरं सांगतो, आत्ताही फारसं काही वाटत नाही. उद्या सायली घरात नसेल तेव्हा वाटेल की नाही, तेही माहीत नाही. पण वाटेपर्यंत थांबलो तर विमान निघून जाईल.

हर्षाली, तू विचारलं होतंस. माझं उत्तर हो आहे. जा. सायलीला ने. तीन वर्षांनी यावंसं वाटलं तर घर आहे, तिकडंच राहावंसं वाटलं तर आमची आडकाठी नाही. हे मी चारचौघांत बोलतोय, म्हणजे मागाहून मला फिरवता येणार नाही.

अध्यक्ष महोदयांनी आणि विद्यालयानं हा समारंभ घडवला, शकुबाईंच्या गटानं जेवणाचं पाहिलं, गावकरी कामं टाकून आले, त्या सर्वांचे मी कुटे परिवारातर्फे मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त गेलं असेल तर आपण सांभाळून घ्यावं. दोन महिने जे बोललो नाही, त्याची माफी मात्र मी तुमच्याकडं मागत नाही. ती हर्षालीकडं मागतो.

एवढं एक काम उरलंय, साहेब, पाच मिनिटं द्या. कुसाबाईनं पिशवीतून तांदूळ, नारळ आणि खण आणलाय. तांदूळ विमानतळावर काढून घेतील, नारळ तिथं झाडाझाडाला आहेत, मला सगळं माहीत आहे. घेऊ देत काढून.

हर्षाली, पदर पुढं घे. आई वर येतेय.