चार्ज घे

नाही, नाही, तू नको घेऊ — तुले कोण म्हणते घे म्हणून? मी सिगारेट पेटवली तं तू तोंड कावून फिरवून राहिला, तेजराम? बस. तुह्या पोराले, कमलेशले यायले वेळ हाय. पोरीच्या बारशाच्या दिवशी सुपेल्याच्या बाजारात शिरलेला बाप लवकर बाहेर निघत नाही — पेढे, हार, पाळण्याची झालर, अन् बायकोचा फोन वेगळाच. पण तुले इथंच उतरवून गेला? लहानूच्या चहाटपरीवर? का तूच म्हटलं, 'बेटा, मेरे को यहीं उतार दे, घुटना दुखता है'? — हाव? मले वाटलंच. जुनवानीपासून गाडीत बसून आला, अन् गुडघा नेमका आपल्याच बाकाजवळ दुखला.

अन् मी तं ओढतही नाही आता. पाह्य नीट — घेतला का झुरका? डॉक्टरनं मलेही बंद केली. फक्त पेटवतो अन् धरून बसतो, उदबत्तीवाणी. तुह्या सुनेची, मोनाची ती मॅडम का म्हणते? हाव, काउन्सेलर. सवय माणसात नसते, आजूबाजूले असते — जागा टाळा, वेळ टाळा, माणसं टाळा. म्हणून मोनानं राखदाणी फेकली, गॅलरीतली तुही खुर्ची भंगारवाल्याले देली, जेवल्यावरचा चहा बंद केला. बरोबर केलं, शिकलीसवरली पोरगी हाय. मले फक्त एक सांग — जागा म्हंजे हे बाक, वेळ म्हंजे कारखान्याचा दोनचा भोंगा, अन् माणसं म्हंजे? बोल ना. असे किती जण होते बावा तुह्या जिंदगीत? खुर्ची भंगारात गेली अन् मी बाकावर राह्यलो, एवढाच फरक.

लहानू, आलुगुंडे निघाले का? दे दोन. — अरे खा! आलुगुंडा थोडीच ओढाची चीज हाय? त्यावर कोणत्या मॅडमची बंदी? नाकपुड्या पाह्य तुह्या, कढईकडं कशा वळून राहिल्या — आता पोटात भूक होती का? नव्हती. वास आला अन् भूक आली. खा. — लागला तिखट? मंग चहा लागंल. लहानू, चहा, काचेच्या गिलासात, कागदाच्या कपातला याच्या घशाखाली उतरत नाही. चरोद्याच्या रेल्वे यार्डात पाह्यलं ना आपण — इंजिन धक्का देते एकाच डब्याले, अन् धाड धाड करत हालते पार शेवटचा. आलुगुंड्यानं चहाले धक्का देला, चहानं — जाऊ दे. मी कुठी काही म्हटलं?

पोरगी कशी हाय? उन्नती ठेवून राहिले ना नाव? चांगलं हाय. सातव्या महिन्यातच झाली, छातीतून अजून शिटी वाजते म्हणतात. अन् तू मांडीवर घेतलीच नाही? काचेतून पाह्यली, दारातून पाह्यली — आज घेणार. मोना पहिले वास घेऊन पाह्यते म्हणे? सासऱ्याचं तोंड हुंगते? — बोटं. बोटं हुंगते! वा रे वा. ज्याच्या एका आवाजानं भट्टीवरचे पोट्टे पळत होते, तो आज पाहुण्यांसमोर बोटं पुढं करून उभा राहणार, शाळेत नखं दाखवल्यावाणी. हासलो म्हणून राग नको मानू. दाखवजो. नातीसाठी माणूस का करत नाही? मले कुठी नात हाय? माहा पोरगा पीयूष पुण्यात हाय — हाय म्हंजे, त्याचा फोन लागते.

तुले आठवते का — मी पाळी करून सुटाचो, तू पाळीवर याचा. भोंगा झाला का अर्धी जळलेली तुह्या बोटात — 'चार्ज घे!' साहेबाचा चार्ज म्हंजे मशीन, व्हॉल्व्ह, सह्या. आपला चार्ज म्हंजे ते अर्धी. तू हातात घेतल्याशिवाय मी जागचा हाललो का कधी? पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडाची नाही, हा कायदाच होता. अन् रिलीव्हर नाहीच आला तं? डबल ड्यूटी. दिवाळीपासून मी डबलवर हाय, तेजराम. रोज इथं पेटवतो, रोज बोटाले चटका बसेपर्यंत धरतो, अन् रस्त्याकडं पाह्यतो. माही भागीरथा असती तं म्हटली असती, 'जळली तुमची ते सिगारेट, अन् जळला तो तेजराम.' आता घरात शिव्या द्यायलेही कोणी — हे मी कायले काढलं? चहा पी तू. थंडा होऊन राहिला.

ऐक. — वारा इकडचाच हाय आज. झाला. भोंगा झाला.

चार्ज घे.

— अरे! अरे तेजराम, मी तं गंमत केली ना बे! लहानू, पाह्य, पाह्य याले — यानं माह्याकडं पाह्यलंही नाही, हात आपोआप आला, बोटं अशी उघडली, पिलानं चोच उघडल्यावाणी. अन् ओढलीही! एवढे महिने राखदाण्या फेकल्या, खुर्च्या विकल्या, अन् निघालं का, तं भोंगा. डोळे कावून मिटले? चांगली लागली? हाव, लागणारच. मी एकही झुरका नव्हता घेतला, आख्खी तुह्यासाठीच ठेवली होती.

टाकू नको आता. टाकून का होते? वास बोटात शिरला. राख घास, लिंबू घास, लहानूचा साबण घास — काही होत नाही, भागीरथानं माह्या बोटांवर सगळं करून पाह्यलं होतं. तो पाह्य, कमलेशची गाडी वळली. काचेतून हार दिसून राहिले. — माह्याकडं का पाहून राहिला? मी का करू? — इलायची? हाय ना, खिशातच हाय, नेहमीच ठेवतो. पण तुही सून तोंड कुठी हुंगते? तूच तं म्हटलं, बोटं हुंगते.

चाल, मी निघतो. नाही, नाही थांबत. रिलीव्हर आला म्हंजे थांबाचं नसते.