रांगेतलं माप

जुन्या शर्टावरून नाही जमणार ताई, ब्लेझरला अंगच लागतं – खांदा अर्धा इंच हलला की पोरगं उसनं आणल्यासारखं दिसतं. उद्या घेऊन या त्याला. गाडी येईपर्यंत बसा की. आत पडद्यामागे मशीन खडखडतंय ना, ते आमचे बाबा. मी बाहेर बटणं लावतो, गिऱ्हाइकांशी बोलतो – इंग्रजीतसुद्धा, हवं तर. दचकलात? सगळेच दचकतात.

ते शाळेचं माहितीपुस्तक ठेवा पर्समध्ये, पाठ आहे मला. ब्रिटिश पद्धतीचं शिक्षण, जगाच्या पाठीवर कुठंही जा, मूल अडणार नाही. खोटंय का? नाही. मी तिथलाच – गणवेशाचं काम बाबांकडे, म्हणून मला घेतलं. घोकंपट्टी नाही, मार नाही, सरांना तोंडावर ‘तुमचं चुकतंय’ म्हणायची मुभा. वादविवादात दोन वर्षं पहिला होतो मी, कुठल्याही बाजूनं बोलायला लावा! शाळा वाईट नव्हती हो, तेच तर – वाईट असती तर तिच्यावर ढकलून मोकळा झालो असतो.

नववीत होतो. बाबा शाळेत मापं घ्यायला येणार होते. आदल्या दिवशी म्हणाले, तुझं घरीच घेतो, तू रांगेत येऊ नकोस. मोठे शहाणे! पोराला लाज वाटेल हे परस्पर ठरवून टाकलं, वर लपायची सोयही करून दिली. डोकंच फिरलं माझं. मुद्दाम उभा राहिलो रांगेत – सगळ्यांसमोर ‘बाबा’ म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. पण बाबांची एक खोड आहे – ओळखीचं अंग समोर आलं की टेप लावायच्या आधीच आकडा तोंडातून निघतो. ‘खांदा साडेपंधरा,’ म्हणाले, टेप अजून गळ्यातच. मागचा पोरगा म्हणाला, अरे, ह्याला कसं माहीत? आता बघा – वादविवादातला पहिला, आणि बोललो काय? ‘आमच्याकडे येतो तो शिवायला.’ येतो! तो!

बाबांनी वर नाही पाहिलं. ‘हो, जातो मी ह्यांच्याकडे,’ म्हणाले. मग टेप काढली आणि पहिल्यापासून सगळं मोजलं – खांदा, छाती, बाही. ‘नाव?’ म्हणाले. आणि मी सांगितलं हो. आडनावासकट. आडनावाला आवाज तेवढा बारीक केला. त्यांनी लिहून घेतलं.

अकरावीत सोडली शाळा. झेपत नाही म्हणालो. झेपत होतं. वाटलं, आता तरी खवळतील, एक थोबाडीत देतील, मिटेल. तर म्हणाले, ‘बरं. बटणं लाव.’ ह्या म्हाताऱ्यांचा असा संताप येतो ना – स्वतः गिळतात, आपल्यालाही गिळायला लावतात. पाच वर्षं झाली, त्या रांगेबद्दल एक शब्द नाही. त्यांचा नाही आणि – माझाही नाही, हो. शाळेत माफीचं पत्र लिहायला शिकवलं होतं, मायना कुठे, सही कुठे, सगळं. पूर्ण मार्क होते मला. आणि इथं मध्ये नुसता एक पडदा, तो ओलांडून –

तुम्ही घाला मुलाला, खुशाल घाला. फक्त एक करा, त्याच्या –

थांबा. मशीन बंद आहे. कधीपासून बंद आहे? तुम्ही ऐकलंत? ...नाही, काही नाही. तुम्ही निघा ताई. उद्या दहाला आणा त्याला, माप बाबाच घेतील. गाडी आली नसली तरी – बाहेर थांबा ना जरा. जा.