आईच्या माहेराला बोल

कॅन्सर विभागाबाहेर नंबरची वाट पाहणाऱ्या शिक्षिकेच्या कानावर मागच्या बाकावरच्या बापलेकीचं बोलणं पडत होतं.

“बाबा, ‘माझं काहीच घेतलं नाहीस’ म्हणायचात ना? घ्या, निघालं एक. माझ्या स्तनाच्या कॅन्सरमागचा जनुकातला दोष तुमच्याकडून आलाय.”

“बायकांचा आजार, माझ्याकडून कसा?”

“दोष बापाकडूनही येतो.”

“आणि मी तुझ्या आईच्या माहेराला बोल लावत बसलो!”

“ऐका तरी. हा दोष असणाऱ्यांना लागू पडणारी गोळी आहे. उद्यापासून सुरू.”

“बरी होशील?”

“डॉक्टरांना आशा आहे. मलाही.”

शिक्षिकेचा नंबर पुकारला गेला. ती उठली नाही.

“आईला फोन लाव.”

“काय सांगू?”

“मीच सांगतो. वर्षभर स्वतःला दोष देत रडतेय बिचारी. म्हणतो, तू डोळे पूस, आता माझी पाळी.”