योग्य ती काळजी

काकू : थांब, थांब. तुझं हे पातळ थरांचं पुराण मला पहिल्या वाक्यालाच कळेनासं झालंय. मी आत्ता तुझ्या सरांची बायको नाही. वजनकाट्यांच्या कंपनीतली साहेब आहे. परवा तुला अशाच कुणासमोर बसायचंय ना? मग सांग, तू माझ्या काय कामाची?

विद्यार्थिनी : मी... एम.एस्सी.ला धातूच्या पातळ थरांचा रोध आणि तापमान यांच्यातला...

सर : अगं, तिला जरा बोलू तर दे.

काकू : तुम्ही गप्प बसा. पंपांच्या कारखान्यात आयुष्यभर मुलाखती घेतल्यात मी. तुमच्या विभागातली मुलं यायची आणि समोर फळा असल्यासारखी बोलायची. एकालाही घेतलं नाही.

सर : आणि संध्याकाळी घरी येऊन मला ऐकवायचीस.

काकू : तुम्हालाच ऐकवणार. शिकवलं होतं कुणी?

विद्यार्थिनी : जाऊ द्या काकू. मला नाही जमायचं. इतके अर्ज केले, बोलावलं एकानंच. हेही हुकलं तर मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं ठरलंय. तो रोज विचारतो, फिजिक्स शिकून काय दिवे लावलेस?

सर : बाळ, परीक्षा नाहीये ही. शांतपणे आठव. या प्रकल्पात तुझा सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?

विद्यार्थिनी : ते सांगण्यासारखं नाही, सर. तुम्हाला माहितीये की. ते चार महिने.

काकू : मला नाही माहीत.

विद्यार्थिनी : दुपार झाली की आकडे उड्या मारायचे. सकाळी सरळ, दुपारी वेडे. तारा बदलल्या, मीटर बदलला, नमुना नवा केला. काही फरक नाही. एका सुट्टीच्या दिवशी सहज आले, तर दुपारीही आकडे सरळ. तेव्हा वाटलं, दोष यंत्रात नाही, माणसांत आहे.

काकू : माणसांत म्हणजे?

विद्यार्थिनी : भिंतीपलीकडे लिफ्ट आहे. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली-वर करतात. मग मैत्रिणीला लिफ्टमध्ये उभं केलं आणि फोनवरून सांगत राहिले, आता वर जा, आता खाली ये. लिफ्ट हलली की आकडा हलायचा. वॉचमनकाकांनी तिला शेवटी हाकललं, पण तोवर खात्री झाली होती. लिफ्टच्या मोटरचा व्यत्यय पोचू नये म्हणून तारांना पीळ दिला, धातूचं आवरण घातलं, टेबल दुसऱ्या भिंतीला नेलं. थांबलं.

काकू : आणि प्रबंधात हे काय म्हणून लिहिलंस?

विद्यार्थिनी : ‘बाहेरचे व्यत्यय टाळण्यासाठी योग्य ती काळजी घेतली.’

काकू : एवढंच?

सर : पद्धतच आहे गं तशी. मीच तसं लिहायला शिकवलं.

काकू : धन्य आहे. चार महिन्यांचं सोनं एका ओळीत पुरलंत दोघांनी मिळून. पोरी, कंपनी पगार याचाच देते. आता पुन्हा सांग. वॉचमनसकट सांग.

(दोन दिवसांनी, दुपारी. सरांच्याच घरी.)

सर : आधी बस. पाणी पी. मग सांग.

काकू : पाणी नंतर. लिफ्ट सांगितलीस का?

विद्यार्थिनी : सांगितली. तिघं होते. थरांवर दोनच वाक्यं बोलले आणि लिफ्टवर आले. वॉचमनपाशी पोचले तर मधले साहेब हसायलाच लागले. मग म्हणाले, चला, जरा खाली कारखान्यात जाऊ.

सर : खाली?

विद्यार्थिनी : एक काटा दाखवला. म्हणे सकाळी डुलतो, दुपारी सुधारतो. काय करशील? हातात पेचकस पण दिला.

काकू : उघडलास?

विद्यार्थिनी : नाही. म्हटलं, आधी हा काटा त्या टेबलावर ठेवा आणि तिथला इथे आणा. दोष काट्याबरोबर गेला तर काट्याचा, इथेच राहिला तर जागेचा.

सर : आणि?

विद्यार्थिनी : इथेच राहिला. नवा काटाही डुलायला लागला. मग वर पाहिलं. एसीचा झोत थेट टेबलावर. सकाळी जोरात चालू करतात, खोली गार झाली की कमी करतात. त्यांना आधीच माहीत होतं, सर. मी कशी शोधते ते बघत होते.

काकू : एकेक शब्द ओढून काढायला लावू नकोस. घेतलं का?

विद्यार्थिनी : सोमवारपासून या म्हणाले.

काकू : अहो, डोळे कसले पुसताय? ऐकलंत ना? पोरगी जिंकून आली.

सर : ऐकलं. पुन्हा ऐकायचंय.

विद्यार्थिनी : निघताना एक गोष्ट विचारली त्यांनी. तुमच्या विभागात असं शोधणारी आणखी मुलं आहेत का?

काकू : मग काय सांगितलंस?

विद्यार्थिनी : आहेत म्हटलं. फक्त त्यांना ते अजून माहीत नाही. काकू, चिडू नका, पण... सगळी खाली उभी आहेत. वर यायला घाबरतायत.

सर : अगं, उन्हात कशाला? बोलाव वर.

काकू : बोलाव. एकेकाला आत घे, आणि आज तूच विचार.

विद्यार्थिनी : मी? काय विचारू?

काकू : काय बिघडलं होतं, ते.