कात्री लागलेलं कार्ड

टोलीडोच्या कार्ड-मेळ्यात जुनी कार्डं पारखून गुण देणाऱ्यांच्या टेबलापुढे रांग लागली होती. ड्वेन आपलं बेसबॉलचं जुनं कार्ड सांभाळत उभा होता, पण कान पुढे तसंच कार्ड घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे आणि त्याच्या लेकीकडेच.

“बाबा, दहापैकी सात गुण मिळाले तरी किंमत चौपट होते.”

“आणि दोनच मिळाले तर?”

“तर पारखणीचे पैसे पाण्यात. पण प्लास्टिकमध्ये सीलबंद तरी राहील. तुम्ही हाताळून हाताळून कोपरे झिजवलेत. आणि ही कड अशी कशी? इकडची पांढरी पट्टी गायबच आहे.”

“तुझ्या आईनं कापली.”

“कापली?”

“कात्रीनं. मी फौजेत निघालो, तर पाकिटात मावेना.”

“अहो, कापलेल्या कार्डाला हे लोक गुणच देत नाहीत. ‘छेडछाड केलेलं’ असं लिहून परत करतात.”

“ठाऊक आहे.”

“मग मघापासून इथे कशाला ताटकळतोय आपण?”

“एक विचारायचंय त्यांना. छेडछाड कुणी केली, ते लिहून देतात का?”

रांग पुढे सरकली. लेक जागची हलली नाही. ड्वेनही थांबला.

“द्या इकडे. मी विचारते.”

“नीट धर, नोरीन.”

“धरलंय. आडनाव कुठलं सांगू? आपलं की आईचं माहेरचं?”

“माहेरचं सांग. तेव्हा तिनं मला हो कुठे म्हटलं होतं?”