धुरात नापास झालेला ट्रक

मी मूळची दोडामार्गाकडची, बाप खाणीवर ट्रक चालवायचा, घोव भेटला तोही सर्वणचा मेकॅनिक, म्हणजे काय सांगू तुम्हाला, डिझेलचा वास माझ्या पदरातच बांधलेला. डिचोलीत गाड्यांचं पासिंग चालतं तिथं धूर तपासायला मी लागले. सायलेन्सरात नळी घालायची आणि ड्रायव्हरला सांगायचं, मार रेस, पाय पुरता दाब, आता सोड, परत दाब. धूर किती काळा ते मशीन सांगतं, मी नाय सांगत, पण शिव्या मलाच.

माझ्याबरोबर विठू असायचा, मांद्र्याचा, चांगला तिशीतला, पण स्वभाव गरीब, मला बाय म्हणायचा. नळी त्याची, मशीन माझं.

त्या सकाळी खनिजाचा ट्रक आला, आधी परत पाठवलेलाच, म्हणून मालक जातीनं आलेला. ड्रायव्हर शाणूबाब, म्हातारा माणूस. रेस मारली तर मागची भिंत दिसेना. मी म्हटलं नापास, डिझेलचा पंप दुरुस्त करून आणा. मालक म्हणतो, बायलमाणसान माका शिकवूचा नाय. विठू एवढंच बोलला, शेट, धूर तुम्हीच बघा ना.

तेवढ्यावरून हो! त्यानं विठूची मान धरली, शाणूबाबला ओरडला, मार रेस, आणि विठूचं तोंड नेऊन त्या तापल्या पाइपावर दाबलं, बघ धूर, बघ म्हणत. विठू हातपाय झाडतोय, बाय, बाय म्हणून मला हाक मारतोय, गालाचं कातडं पाइपाला चिकटलेलं, मी बोंबलतेय, बंद कर, बंद कर, पण त्या आवाजात कॅबिनमध्ये काय ऐकू जाणार. मालकानं सांगितलं म्हणून शाणूबाब दाबतोय आपला. रांगेतले ड्रायव्हर नुसते बघत उभे. मग मी चाकाला लावायचा लाकडी ठोकळा उचलला आणि सगळी ताकद लावून मालकाच्या कोपरावर घातला. हाड मोडलं ते माझ्या हाताला कळलं. विठू सुटला, पण ह्यानं दुसऱ्या हातानं माझ्या तोंडावर अशी मारली की दात तुटून तोंडात आले, मी पडले, तर पोटात लाथा.

मी ट्रकच्या बाजूला पडलेली, ती शाणूबाबला आरशात दिसली. इंजिन बंद करून तो धावत आला, विठूला बघितलं आणि रडायलाच लागला, तसाच रडत माझ्यावर आडवा पडला. म्हणाला, शेट, आता माका मारा. तेव्हा कुठं रांगेतले लोक पुढं झाले आणि मालकाला धरलं.

विठूचा उजवा डोळा गेला. आता तो गावातच पाहुण्यांच्या खोल्या सांभाळतो, गाडी सुरू झाली की आत जाऊन बसतो. शाणूबाबनं मालकाविरुद्ध जबानी दिली, त्याची नोकरी गेली. आणि हात मोडला म्हणून केस माझ्यावर पण आहे, बघा.

तारखेला आम्ही सगळे एकाच व्हरांड्यात. मालकाचा हात सरळ होत नाही, त्याची आवय त्याला घास भरवते, मी बघते, मला बरं वाटत नाही. देवानं त्या माउलीला सुखी ठेवावं. वकील म्हणतात, चुकून लागलं म्हण, सुटशील. मी नाय म्हणणार. कोर्टानं विचारलं तर सांगीन, मारला, मुद्दाम मारला, आणि विठूनं परत हाक मारली तर परत मारीन.