फुलसिंगसाठी क्लार्नेट

न्हाई न्हाई, ती ठिवा बाजूला, विष्णुपंत. ती जुनी, बुटकी — तिला हात बी लावायचा न्हाई मला. ही नवी काढा. ही लांब, चकचकीत चाव्यांची — व्हय, हीच. काय लाकूड हाय! तातेरावनी काय सांगून पाठवलं मला? ‘सोनाजी, क्लार्नेटातलं तुझ्याइतकं आपल्या बँडात कोणाला कळतं? तूच जा हिंगोलीला, तूच निवडून आण.’ बँडाचे मालकच म्हणले तसं. मंग, निवडली मी. बांधा. — आता काहून थांबलात? कॉर्नेट? न्हाई आणला कॉर्नेट. ठाऊक हाय मला रीत. नवं वाद्य घ्यायचं तर बँडातलं एक जुनं वाद्य संगं आणायचं, दोघांनी एकच सूर धरायचा, भिडला तर घ्यायचं, न्हाईतर परत पेटीत. माह्याच बापानं घातली ती रीत आमच्या बँडात. पण आज राह्यलं. वसमतहून गाडीला ही गर्दी, कॉर्नेटाला पोचा आला असता. अन् कॉर्नेटवाल्याच्या घरी पाव्हणे बी आलेत. अन् तसं बी माहा कान हाय ना संगं, कॉर्नेट काहून पायजे?

वाजवून बघू म्हणता? तुमीच वाजवा. मला काय सांगता — हे बघा, हे. वरचे दात. दिसले? न्हाईतच, तर दिसतील कुठून! क्लार्नेट वरच्या दातावर तोलून धरावी लागती, पंत, नुसत्या ओठानं फुंकली की बदकावानी ओरडती. गेल्या दिवाळीपासून दात गेले अन् उन्हाळ्यात माही क्लार्नेट बी तडकली, वरपासून खालपर्यंत. लाकडाला बी कळलं म्हणा, मालकाचे दिवस भरले. मंग तातेरावनी मला काय दिलं हातात? झांजा! माह्या बापानं उभा केलेला बँड, अन् मी मागं ढोलवाल्याच्या बाजूला — झंय, झंय. लग्नातले पोट्टे हसतात. काही तकलीफ न्हाई म्हणा मला. झांजांना बी ताल लागतोच की. कोणीतरी वाजवायच्याच असतात.

तर वाजवणार तो फुलसिंग. बघितलाय तुमी त्याला? काळासावळा, मान जराशी वाकडी करून वाजवतो. मीच शिकवलं. तोंडाकडची पत्ती कशी भिजवायची, दम कुठं चोरायचा — समदं मीच. आता उसनी क्लार्नेट घेऊन वाजवून राहिला, अन् बायामाणसं वरात सोडून त्याच्या तोंडाकडं बघतात. तुमाला सांगतो, मागल्या आठवड्यात कुरुंद्याच्या लग्नाहून आमी दोघं घरी आलो, तर आमची मनकर्णा भाकर थापता थापता काय म्हणली? ‘आज बँड लई गोड वाजला बाई.’ मी म्हणलं, वाजला की. ती म्हणली, ‘न्हाई, आजच.’ आजच! माहं आयुष्य गेलं त्या नळीत फुंकता फुंकता, कधी म्हणली न्हाई. तसं तिचं वाकडं न्हाई काही, ती लेकरावानी बघती त्याच्याकडं. पण मी जेवलो न्हाई त्या राती. ताटावरून उठलो. जळतो मी त्याच्यावर, पंत, खरं सांगतो — म्हंजे, जळत होतो. आता न्हाई. आता बघा, मीच त्याच्यासाठी येवढी देखणी क्लार्नेट घेऊन चाललो.

काय म्हणलात? सुराला उतरी हाय? व्हय, उतरी हाय, मला काय कान न्हाईत का. अहो, आमचा सारा साज जुन्या पलटणीचा — इथली छावणी उठली तवा बापानं लिलावात घेतलेला. त्या वाद्यांचा सूर चढा. आताच्या नव्या वाद्यांचा उतरा. चढी नळी जराशी ओढून उतरवता येती, पण उतरी काही केल्या चढत न्हाई, हे बी ठाऊक हाय मला. ती बुटकी चढी हाय, आमच्या बँडाला बराबर लागंल, ही लांब लागणार न्हाई — समदं ठाऊक हाय! मंग? एकटी वाजवली तर ही मधावानी हाय का न्हाई? हाय ना? तो घरी वाजवील, खूश होईल, माह्या पाया पडंल. अन् औंढ्याच्या यात्रेत नागनाथाच्या रथापुढं बँड उभा राहिला, कॉर्नेट अन् युफोनियम एका सुरात उठले, अन् ह्यानं मान वाकडी करून दम सोडला की — की मंग ऐकंल मनकर्णा. ऐकतील समदे. तवा म्हणावं, ‘आज गोड वाजला.’

— अहो, मी आपलं गमतीनं बोललो. गंमत बी कळंना का तुमाला? असं काय बघता? बांधा ना.

कोण आला होता?

फुलसिंग? इथं? — परवा? अन् हे तुमी आता सांगता? मी इथं मघापासून तोंडाची चक्की चालवून राहिलो, अन् तुमी गुमान ऐकून घेता! त्यानं सांगू नका म्हणलं होतं? काहून? — कॉर्नेट घेऊन आला होता संगं. हं. आणणारच. दोन्ही भिडवून बघितल्या? अन् कळलं त्याला? … कळणारच. मीच शिकवलंय. मंग त्या बुटकीला बयाणा देऊन का गेला न्हाई? काय म्हणला? नीट सांगा, पंत, त्याच्याच शब्दात सांगा. ‘काका येतील. काका देतील ती.’ तुमी त्याला सांगितलं न्हाई, की काकानी चुकून ही लांब उचलली तर? — सांगितलं. मंग? ‘मंग ती. काकाच्या हातची हाय, वाजवीन मी.’

वाजवीन मी!

म्हंजे माहीत असून वाजवील. रथापुढं उभा राहील, बेसूर होईल, लोक दात काढतील, तातेराव शिव्या घालतील, अन् हा खाली मान घालून उभा — काकाचं नाव घेणार न्हाई. तेच तर पायजे होतं ना मला? तेच पायजे होतं. मंग? काहून गोड लागंना आता? अहो, माणूस चोरी करायला जावा अन् घरवाल्यानं दार उघडं ठिवून वर दिवा लावून द्यावा, तशी गत केली ह्यानं माही. माही जागा घेतली, माह्या बायकोचं कौतुक घेतलं, कान बी माह्यावर ताण निघाला. एक वाईटपणा तेवढा माह्याकडं उरला होता, पंत — तो बी धड करू देईना मला मेला!

काढा ती बुटकी. काढा म्हणलं ना. — न्हाई, माहं मन-बिन काही फिरलं न्हाई, उगं हसू नका. काल जितका डोळ्यात सलत होता, त्याच्या दुप्पट आज सलतो. पण रथापुढं तो मुकाट बेसूर वाजवत उभा अन् मी मागं झांजा घेऊन — न्हाई जमायचं. बांधा. कापडात गुंडाळा, गाडीत हिसके बसतात. अन् तो आला तर त्याला सांगा, काकानी बघितलं बी न्हाई, हाताला लागली ती उचलली. येवढंच सांगा. दुसरं काही न्हाई.

जा, तिकडं गिऱ्हाईक उभं हाय.